फाईलच्या पोटातले माहितीपत्रक

समजा, एका शाळेतल्या शिक्षकांनी संगणकावर निकालपत्रक तयार करणारी छोटीशी आज्ञावली लिहिली. गुण भरले की बेरीज, टक्केवारी, श्रेणी सगळे आपोआप तयार. दोन-तीन वर्षे काम उत्तम चालले. मग त्यांची बदली झाली. चार्ज देताना जनरल रजिस्टर, डेड स्टॉक रजिस्टर, कपाटाच्या किल्ल्या असे सगळे रीतसर देऊन झाले. आज्ञावली तर संगणकातच होती, ती वेगळी द्यायची कोणाला आठवण होणार? पुढच्या एप्रिलमध्ये नवे शिक्षक संगणकापुढे बसले आणि प्रश्न सुरू झाले. यातली नेमकी कोणती फाईल चालवायची? गुण कोणत्या क्रमाने भरायचे? विद्यार्थी गैरहजर असेल तर शून्य लिहायचे की जागा मोकळी सोडायची? साडेचौतीस टक्क्यांचे पस्तीस होतात की नाही?

संशोधनाच्या प्रयोगशाळांतही हेच घडते. पीएच.डी.चा विद्यार्थी काम संपवून जातो, त्याने लिहिलेल्या शंभर-दीडशे आज्ञावल्या मागे राहतात आणि पुढच्याला त्यांचा अर्थ लावत बसावे लागते.

या अडचणीवर उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी म्हणजे वापराची माहिती वेगळ्या कागदावर न लिहिता त्या फाईलमध्येच लिहून ठेवायची. दुसरी पायरी म्हणजे हजारो फाईलींमधून अशी माहिती असलेल्या नेमक्या फाईली शोधून काढायच्या. पहिल्या पायरीबद्दल पुष्कळदा बोलले जाते, दुसरीबद्दल फारसे नाही. पण न सापडणारी माहिती असून नसल्यासारखीच. म्हणून या लेखात आपण दुसऱ्या पायरीकडे जरा बारकाईने पाहू. त्यासाठी उदाहरण घेऊ ‘पर्ल’ या संगणकभाषेचे आणि तिच्यासाठी लिहिलेल्या ‘पॉड::फाइंड’ या साधनाचे.

माहिती वस्तूवरच कोरलेली

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. दान देणाऱ्यांची नावे त्यांत आहेत. एका नागशिल्पाजवळ तो मुचरिंद नाग असल्याचेही कोरलेले आहे. ही नावे एखाद्या भूर्जपत्रावर लिहून मठात ठेवली असती, तर दोन हजार वर्षांनी ती आपल्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. दगडावरच कोरल्यामुळे जोपर्यंत शिल्प आहे, तोपर्यंत त्याचे नावही आहे.

संगणकाच्या आज्ञावलीबाबत हाच विचार अनेकांनी केला. अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये असे मांडले, की आज्ञावली ही माणसाने वाचायच्या निबंधासारखी लिहावी, स्पष्टीकरण आणि आज्ञा एकाच मजकुरात गुंफाव्यात. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल भाषा प्रसिद्ध केली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्रातले. १९९४ मध्ये पर्लची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ‘पॉड’ नावाची लेखनपद्धतीही आली. ‘साधेसुधे, जुन्या वळणाचे माहितीपत्रक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले आहे.

पॉडची युक्ती अगदी साधी आहे. ओळीच्या अगदी पहिल्या जागी बरोबरचे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘हेड१’, ‘आयटम’, ‘पॉड’ असा ठरलेला शब्द (अर्थात रोमन लिपीत) आला, की तिथून माहितीपत्रक सुरू झाले असे समजायचे. ‘=कट’ अशी ओळ आली की ते संपले. आज्ञावली चालवताना पर्ल या दोन खुणांमधला सगळा मजकूर ओलांडून पुढे जाते. माहितीपत्रक वाचायचे असेल तेव्हा दुसरे साधन नेमका तेवढाच भाग उचलते आणि बाकीचे सोडून देते. म्हणजे फाईल एकच, पण तिचे वाचक दोन, यंत्र आणि माणूस.

बरोबरचे चिन्हच का निवडले असेल? गणितातल्याप्रमाणे आज्ञावलीतही हे चिन्ह सतत लागते, पण ते दोन गोष्टींच्या मध्ये येते. ‘बेरीज = ०’ असे आपण लिहितो. नवे वाक्य बरोबरच्या चिन्हाने सुरू झाले आहे असे पर्लमध्ये कधी होत नाही. म्हणून वाक्याच्या आरंभी आलेले हे चिन्ह खूण म्हणून मोकळे होते.

झाड आणि पत्ता

आता शोधाकडे वळू. शोध कुठे घ्यायचा हे कळण्यासाठी फाईली कशा ठेवलेल्या असतात ते आधी पाहिले पाहिजे.

संगणकात फाईली डिरेक्टरीत, म्हणजे आजच्या बोलीत फोल्डरमध्ये असतात. फोल्डरमध्ये आणखी फोल्डर असू शकतात, त्यांच्यातही आणखी. कागदावर काढले तर खोडाला फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या अशी आकृती दिसते, म्हणून या रचनेला ‘झाड’ म्हणतात. फरक एवढाच, की हे झाड मूळ वर आणि फांद्या खाली असे उलटे काढायची पद्धत आहे.

आपल्याला ही रचना नवी नाही. पवनी तालुक्यातल्या कोंढा या गावाचा पत्ता वरून खाली लिहू: महाराष्ट्र / नागपूर विभाग / भंडारा / पवनी / कोंढा. संगणक फाईलचा पत्ता अगदी असाच लिहितो, मध्ये तिरकी रेघ देऊन. आपण पाकिटावर पत्ता लिहिताना मात्र उलटे, गावापासून राज्याकडे जातो.

टपालखात्याचा पिनकोड हे याचेच आकड्यांतले रूप. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे मोठे पंडित. पिनचा पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, दुसरा त्यातला पोटविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस. भंडारा-पवनी भागातले पिन ४४१ ने सुरू होतात. एकेक आकडा वाचत जाणे म्हणजे झाडाच्या एकेका फांदीवर खाली उतरणे.

अशा पत्त्याची गरज का पडते? कारण नाव एकच असून गावे अनेक असतात. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे. नुसते ‘पिंपळगाव’ लिहिलेले पत्र कुठे पाठवणार? फाईलींच्या बाबतीत हाच घोटाळा कसा होतो ते पुढे येईलच.

सगळे झाड फिरायचे कसे?

आपल्या शाळेच्या संगणकावर पुढीलप्रमाणे रचना आहे असे धरू.

शाळा
├─ निकाल
│  ├─ बेरीज (फाईल)
│  └─ जुने
│     └─ बेरीज (फाईल)
├─ हजेरी
│  └─ मोजणी (फाईल)
└─ छायाचित्रे
   └─ सहल (फाईल)

एवढेसे झाड आपण डोळ्यांनीच फिरतो. पण एकेका फोल्डरमध्ये पाच-पाच फोल्डर आणि अशा चार पायऱ्या असतील, तर एकूण फोल्डर किती? १ + ५ + २५ + १२५ + ६२५ = ७८१. प्रत्येक फोल्डर उघडून बघायला अर्धा मिनिट धरला, तरी साडेसहा तास लागतील. शिवाय मध्येच कोणी हाक मारली, तर आपण कुठपर्यंत आलो होतो ते विसरणार. संगणकाला हे काम सांगायचे तर एकही फांदी सुटणार नाही आणि एकही दोनदा पाहिली जाणार नाही अशी रीत हवी.

रीत अशी. ‘पाहायचे राहिलेले’ अशी एक यादी करा. तीत सुरुवातीला फक्त ‘शाळा’ लिहा. आता पुढचे तीन नियम पाळत राहा:

१. यादीतले सर्वांत वरचे नाव उचला आणि यादीतून खोडा.
२. ते फोल्डर असेल, तर त्याच्या आत जे जे आहे त्याची नावे यादीच्या वरच्या टोकाला लिहा.
३. ती फाईल असेल, तर ती तपासा.

यादी रिकामी झाली की काम संपले. आपल्या झाडावर करून पाहू. ‘शाळा’ उचलली, तर यादी झाली: निकाल, हजेरी, छायाचित्रे. ‘निकाल’ उचलला, तर यादी: बेरीज, जुने, हजेरी, छायाचित्रे. ‘बेरीज’ ही फाईल, ती तपासली. ‘जुने’ उचलले, तर यादी: (जुन्यातली) बेरीज, हजेरी, छायाचित्रे. याच पद्धतीने पुढे जात राहिलो, की शेवटी छायाचित्रांमधली सहल येते आणि यादी संपते.

इथे एका फांदीच्या टोकापर्यंत जाऊन मगच दुसरी फांदी धरली जाते, म्हणून याला ‘खोलवर-आधी’ फिरणे म्हणता येईल. आता नियम २ मध्ये थोडा बदल करा आणि नवी नावे यादीच्या खालच्या टोकाला लिहा. मग आधी सगळे पहिल्या पातळीचे फोल्डर, नंतर सगळे दुसऱ्या पातळीचे, असे ‘पातळीवार’ फिरणे होते. नियमातला एकच शब्द बदलला आणि फिरण्याचा सगळा क्रम बदलला. दोन्ही पद्धतींत झाड पूर्ण पाहिले जाते. पर्लमधले झाड फिरण्याचे साधन, ‘फाईल::फाइंड’, खोलवर-आधी जाते. पॉड::फाइंड फिरण्याचे काम त्याच्यावरच सोपवते आणि स्वतः फक्त तपासणी करते.

फिरताना फांदी छाटायचीही सोय असते. ‘छायाचित्रे’ या फोल्डरमध्ये आज्ञावल्या नसणार हे ठाऊक असेल, तर त्याच्या आतली नावे यादीत लिहायचीच नाहीत. वरच्या ७८१ फोल्डरांच्या झाडात पहिल्या पातळीवरची एक फांदी छाटली, की १ + ५ + २५ + १२५ म्हणजे १५६ फोल्डरांचे काम एका फटक्यात वाचते. पॉड::फाइंडला पर्लच्या पद्धतीने शोध असे सांगितले, तर ते पर्लच्या दुसऱ्याच आवृत्तीसाठी ठेवलेले, आवृत्तीक्रमांकाच्या नावाचे फोल्डर असेच गाळते.

चाळण्या

आता नियम ३ मधले ‘तपासा’ म्हणजे काय ते पाहू. फाईलमध्ये माहितीपत्रक आहे की नाही हे खात्रीने कळायचे तर ती उघडून वाचावी लागते आणि वाचायला वेळ लागतो. म्हणून पॉड::फाइंड एकामागून एक चाळण्या लावते. सोपी चाळणी आधी, कष्टाची नंतर.

पहिली चाळणी: ही खरोखर साधी फाईल आहे का? संगणकात जोडलेली यंत्रेसुद्धा काही पद्धतींत फाईल म्हणून दिसतात, ती इथे गळतात.

दुसरी चाळणी: फाईलमध्ये मजकूर आहे, की छायाचित्र-ध्वनी असा यांत्रिक ऐवज? पर्ल यासाठी फाईलचा फक्त सुरुवातीचा तुकडा पाहते. त्यात शून्य किमतीचा बाइट सापडला, की ती मजकुराची फाईल नव्हे. साध्या इंग्रजी मजकुरात न येणारी चिन्हे एक तृतीयांशाहून जास्त असली, तरीही नव्हे.

मराठी वाचकाने इथे थांबून विचार करावा. मग आपल्या मराठी मजकुराचे काय? युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि ते तिन्ही ‘वेगळ्या’ गटातले असतात. नुसता एक तृतीयांशाचा नियम लावला असता, तर शुद्ध मराठीत लिहिलेली फाईल संगणकाने छायाचित्रांच्या रांगेत बसवली असती. म्हणून पर्ल आधी हा तुकडा यूटीएफ-८ च्या नियमांत बसतो का ते पाहते. बसत असेल तर तो मजकूर. पण युनिकोड रूढ होण्यापूर्वी भारतीय भाषांसाठी १९९१ चे भारतीय मानक, ‘इस्की’, वापरले जाई. त्यात देवनागरी अक्षरे वरच्या १२८ किमतींत बसवली होती. अशी जुनी मराठी फाईल यूटीएफ-८ च्या नियमांत बसत नाही आणि एक तृतीयांशाच्या चाळणीतून गळून पडण्याचीच शक्यता जास्त. माहिती तिथे असते, पण शोधणाऱ्याला ती माहिती वाटतच नाही. जुन्या मराठी फाईली यूटीएफ-८ मध्ये बदलून ठेवण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

तिसरी चाळणी नावाची. फाईलच्या नावाचे शेपूट ‘पॉड’, ‘पीएम’, ‘पीएल’ यांपैकी आहे का? किंवा शेपूट नसले तरी ती चालवता येण्याजोगी आज्ञावली म्हणून खूण केलेली आहे का? यांपैकी काहीच नसेल तर फाईल सोडून द्यायची.

चौथी चाळणी सर्वांत कष्टाची. फाईल उघडायची आणि पहिल्या जागी बरोबरचे चिन्ह व त्याला चिकटून ठरलेला शब्द असलेली एखादी तरी ओळ मिळते का ते पाहायचे. अशी एक ओळ मिळाली, की पुढे वाचायची गरज नाही.

चाळण्यांचा हा क्रम वर्गात चर्चेला चांगला आहे. चौथी चाळणी पहिली लावली तर उत्तर फारसे बदलणार नाही, पण सहलीची शेकडो छायाचित्रे उघडून वाचण्यात वेळ जाईल. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चौथी चाळणीसुद्धा फसू शकते. दुसऱ्यासाठी माहितीपत्रके लिहून देणारी एखादी आज्ञावली असेल, तर तिच्या आज्ञांमध्येच ‘=हेड१’ अशी ओळ नुसता मजकूर म्हणून असू शकते. आज्ञावली चालवणाऱ्या पर्लला संदर्भ कळतो, म्हणून ती फसत नाही. नुसत्या ओळी चाळणारा शोधक मात्र ‘सापडले’ म्हणतो. शोधाचे निकाल शेवटी माणसाने पाहावे लागतात ते यामुळे.

सापडलेल्याला नाव काय द्यायचे?

आपल्या झाडात ‘बेरीज’ नावाच्या दोन फाईली आहेत. दोन्हींत माहितीपत्रक असेल तर ती ओळखायची कशी? पॉड::फाइंड फाईलच्या जागेवरूनच नाव बनवते. शोध जिथून सुरू केला तिथपासूनची वाट घ्यायची, तिरक्या रेघेच्या जागी दोन अपूर्णविराम घालायचे आणि शेपूट कापायचे. एकीचे नाव झाले ‘निकाल::बेरीज’, दुसरीचे ‘निकाल::जुने::बेरीज’. पिंपळगावचा प्रश्न सुटला. शेवटी आपल्याला एक जोडयादी मिळते. तीत एकीकडे फाईलचा पूर्ण पत्ता असतो आणि दुसरीकडे माहितीपत्रकाचे नाव.

पण प्रश्न नेहमीच इतक्या सहज सुटत नाही. समजा, शाळेच्या संगणकातला ‘शाळा’ फोल्डर कोणीतरी पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि घरी त्यात सुधारणा केली. आता संगणक आणि पेनड्राइव्ह दोन्हींवर शोध घेतला, तर दोन वेगळ्या फाईलींचे नाव ‘निकाल::बेरीज’ असेच येते. पॉड::फाइंड अशा वेळी इशारा देते, की या नावाचे माहितीपत्रक दोन ठिकाणी आहे.

हा इशारा क्षुल्लक नाही. पर्लला एखादे साधन नावाने मागितले, की ती ठरलेल्या फोल्डरांच्या यादीत क्रमाने पाहत जाते आणि जे पहिले सापडेल ते घेते. आपण माहितीपत्रक वाचतो नव्या आवृत्तीचे आणि चालते मात्र जुनी आवृत्ती, असे होऊ शकते. नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात लिहिले आहे, ‘गैरहजर विद्यार्थ्याची जागा मोकळी सोडा’. जुनी आवृत्ती मोकळ्या जागेला शून्य समजून वर्गाची सरासरी काढते. कोठेही चूक दिसत नाही, आज्ञावली बिनतक्रार चालते आणि सरासरी चुकते. संशोधनात असे झाले तर निष्कर्षच चुकतो. एकाच नावाच्या दोन वस्तू सापडल्या, तर कोणतीही एक न उचलता आधी दोन्ही पाहाव्यात. साधनाने मुद्दाम थांबून सांगण्याचा हेतू हाच आहे.

गोल फिरवणाऱ्या वाटा

खरे झाड असेल तर फांद्या परत खोडाला येऊन मिळत नाहीत. संगणकातल्या झाडात मात्र ते घडू शकते. एका फोल्डरमध्ये दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी ‘जोडवाट’ ठेवता येते. ‘जुने’ या फोल्डरमध्ये कोणी ‘शाळा’कडे जाणारी जोडवाट ठेवली आणि शोधकाने तिला साधा फोल्डर मानले, तर तो शाळा, निकाल, जुने, शाळा, निकाल, जुने असा फिरतच राहील. यादी कधीच रिकामी होणार नाही.

यावर दोन उपाय आहेत. जोडवाटांच्या मागे जायचेच नाही, हा एक. फाईल::फाइंड आपण वेगळे सांगितले नाही तर असेच वागते. दुसरा उपाय म्हणजे पाहून झालेल्या फोल्डरांची आणखी एक यादी ठेवायची आणि तेच फोल्डर पुन्हा समोर आले तर ओलांडून जायचे. पॉड::फाइंड अशी यादी ठेवते. चक्रव्यूहात शिरताना प्रत्येक चौकात खडूची खूण करत जावी, तसेच हे.

आज काय वापरावे?

पॉड::फाइंड हे ‘पॉड-पार्सर’ नावाच्या संचाचा भाग आहे. हा संच वर्षानुवर्षे पर्लबरोबरच मिळत असे. पुढे पॉड वाचण्यासाठी ‘पॉड::सिम्पल’ हा नवा संच आला आणि जुना मागे पडला. २०२० साली आलेल्या पर्ल ५.३२ पासून पॉड-पार्सर पर्लबरोबर येत नाही, तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. नवीन काम करणाऱ्यांनी ‘पॉड::सिम्पल::सर्च’ वापरावे. तेही झाड फिरते, चाळण्या लावते आणि जागेवरून नाव बनवते. साधन बदलले, पण रीत तीच राहिली. म्हणून साधनाचे नाव पाठ करण्यापेक्षा रीत समजून घेणे जास्त उपयोगाचे.

इतर भाषांतही हा विचार आहे. पायथनमध्ये प्रत्येक उपक्रमाच्या आरंभी अवतरणचिन्हांत माहिती लिहायची पद्धत आहे, जावामध्ये विशिष्ट खुणेने सुरू होणाऱ्या टिपा लिहितात आणि त्यांतून माहितीपत्रक तयार करणारे साधन वापरतात.

गावातल्या शाळेच्या दृष्टीने यात एक मोलाची गोष्ट आहे. लिनक्स घातलेल्या बहुतेक संगणकांत पर्ल आधीपासून असते आणि तिच्या अनेक फाईलींच्या पोटात त्यांची माहितीपत्रकेही असू शकतात. डेबियन, उबुंटू यांसारख्या संचांत जागा वाचवण्यासाठी पर्लची स्वतंत्र माहितीपत्रके आणि ती दाखवणारे ‘पर्लडॉक’ हे साधन बाजूला काढलेले असते, ते वेगळे बसवावे लागते.   पण फाईलींच्या पोटात जे लिहिलेले असेल ते इंटरनेट नसेल त्या दिवशीही साधा मजकूर-संपादक उघडून वाचता येते. कोंढ्यासारख्या गावातल्या शाळेतही ते तितकेच उपलब्ध आहे, जितके पुण्या-मुंबईत.

हे माहितीपत्रक मराठीतही लिहिता येते. सुरुवातीला हा मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे असे सांगणारी ‘=एन्कोडिंग’ची एक ओळ घातली की पुरे. शाळेसाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने तिच्यात निदान पाच गोष्टी लिहाव्यात: आज्ञावली कशासाठी आहे, माहिती कोणत्या क्रमाने भरायची, अपवाद कसे हाताळले आहेत (गैरहजर, सवलतीचे गुण), शेवटचा बदल कधी व काय केला, आणि ती काय करू शकत नाही. यातली पाचवी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते आणि पुढच्याला तिचीच गरज सर्वांत जास्त पडते.

करून पाहा

संगणक नसला तरी हा शोध वर्गात करता येईल.

लहान-मोठी पंधरा पाकिटे घ्या आणि पाकिटात पाकीट अशी तीन पातळ्यांची रचना करा. प्रत्येक पाकिटावर नाव लिहा. आत चिठ्ठ्या ठेवा. काही चिठ्ठ्यांवर ओळीच्या आरंभी बरोबरचे चिन्ह व पुढे ‘माहिती’ असा शब्द लिहा. काहींवर बरोबरचे चिन्ह ओळीच्या मध्ये येऊ द्या. काहींवर नुसते चित्र काढा. दोन वेगळ्या पाकिटांतल्या चिठ्ठ्यांना एकच नाव द्या. एका चिठ्ठीवर ‘पहिल्या पाकिटाकडे परत जा’ असे लिहा.

वर्गाचे दोन गट करा. एका गटाने यादीच्या वरच्या टोकाला नावे लिहीत, दुसऱ्याने खालच्या टोकाला नावे लिहीत सगळी पाकिटे शोधायची आहेत. सापडलेल्या प्रत्येक माहितीचे पूर्ण नाव, म्हणजे पाकिटांची वाट, फळ्यावर लिहायचे. नंतर पुढील प्रश्नांवर चर्चा करा:

१. दोन्ही गटांना तीच माहिती सापडली का? कोणत्या क्रमाने?
२. कोणत्या गटाची यादी जास्त लांब झाली? पाकिटे फार खोल असती आणि प्रत्येकात फक्त दोनच असती, तर काय झाले असते?
३. ‘परत जा’ या चिठ्ठीने कोण अडकले? त्यातून सुटायला कोणती खूण उपयोगी पडली?
४. एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या वेगळ्या ओळखायला पाकिटांची निदान किती नावे लागली?
५. तुमच्या शाळेच्या संगणकात अशा किती आज्ञावल्या किंवा तक्ते आहेत, ज्यांच्या आत त्या कशा वापरायच्या याची एकही ओळ लिहिलेली नाही? त्यांची यादी करा आणि लिहिणारे शिक्षक अजून शाळेत असतील, तर या सत्रातच त्यांच्याकडून ती माहिती लिहून घ्या.